शासकीय की अभिमत? आधी ओपीडी बघ

अभिनंदन! राज्याच्या कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि एमसीसीच्या (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या) फेरीतून पुण्याचं अभिमत, म्हणजे खासगी डीम्ड विद्यापीठ, दोन्ही जागा हातात आहेत हे भारीच. माझं मत आधीच सांगते: फीमधला फरक घरच्यांना कर्जात घालणार असेल तर नागपूर घे. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर एमडीएस (पदव्युत्तर पदवी) करशील किंवा दवाखाना टाकशील, आणि डेंटल चेअर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) यांना भांडवल लागतंच.

तरीही ठरवण्याआधी दोन्हीकडे एकेक सकाळ ओपीडीत जाऊन उभी राहा. पहिली दोन वर्षं मेणाचे दात कोरण्यात आणि फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) जातात, ती कुठेही जातील. तिसऱ्या वर्षापासून पेशंट लागतात. काही ठिकाणी ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायला मुलं स्वतःच पेशंट शोधत फिरतात, नातेवाइकांच्या दाढासुद्धा सोडत नाहीत! फायनल इयरच्या मुलांना विचार: स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या? रूट कॅनाल खऱ्या पेशंटवर केलं की काढून ठेवलेल्या दातावर? इंटर्नना स्टायपेंड वेळेवर मिळतो का? माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोंपेक्षा ही उत्तरं कामाची.

हॉस्टेल, मेस बघून घे, पण निर्णय त्यावर नको.

आणि हो, जागा सोडायची मुदत आणि अनामत रकमेचे नियम फेरीगणिक वेगळे असतात. मूळ कागदपत्रं एकीकडे जमा झाली की दुसरीकडे धावपळ होते. आज रात्रीच दोन्ही प्रवेशफेऱ्यांच्या नोटिसा नीट वाच.