परत निर्बंध लागलेत. आई-बाबा नाशिकला, मी पुण्यात. तुम्ही लोक हे सहन कसं करता?

प्रश्न विचारणारे लिहितात की आई-बाबा नाशिकरोडला दोघंच असतात, १० जानेवारी २०२२पासून करोनाचे निर्बंध पुन्हा लागले आणि संक्रांतीला जाणं होईलसं दिसत नाही.

मी नाशिकचीच, सिडकोत राहते. 'होईलसं दिसत नाही' वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. यंदा तुम्हाला अडवलंय कोणी? जानेवारी २०२२चे नियम एवढेच: दिवसा पाच किंवा जास्त जणांनी जमायचं नाही, रात्री ११ ते पहाटे ५ बाहेर फिरायचं नाही. जिल्हाबंदी नाही, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास नाही. एसटीचा संप आहे हे खरं, पण खासगी गाड्या चालू आहेत. लशीचे दोन डोस झालेत ना? मग बसा गाडीत. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा, त्यात लाज कसली. पण तिला निर्बंध म्हणू नका. मी म्हणत होते, म्हणून सांगतेय.

माझं माहेर संगमनेर. नाशिकपासून सत्तर किलोमीटर, सिन्नर ओलांडलं की निम्म्यावर आलो. मागच्या वर्षी, २०२१च्या मार्चअखेर, आमच्याकडे नाशिकला बाजारात शिरायला माणशी ५ रुपये तिकीट लावलं होतं. तासभर मुभा, जास्त रेंगाळलात तर ५०० दंड. बाहेरगावच्यांना अजून ही थाप वाटते. त्या एका तासात मेनरोडवर आईसाठी पाडव्याचं सुती पातळ घेतलं, पदरसुद्धा उघडून पाहिला नाही. पाडव्याला जाऊ म्हटलं, मग रविवारी जाऊ म्हटलं. २१ एप्रिलला आमच्या शहरात महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ माणसं गेल्याची बातमी दुपारी आली. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून जिल्ह्याबाहेर जायला अत्यावश्यक कारण लागायला लागलं. आणि तिसऱ्या दिवशी संगमनेरहून फोन: अण्णा, माझे वडील, करोना पॉझिटिव्ह. वय बहात्तर. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलेलं.

मला तेव्हा खोकला होता. घरात सासूबाई, त्यांचं रोजचं इन्सुलिन. टेस्टचा रिपोर्ट चार दिवस आला नाही. मी गेले नाही.

गेलं ते ऑक्सिमीटर, बोटाला लावून ऑक्सिजन आणि नाडी मोजायचं यंत्र. संगमनेरला मिळेना, इथे नऊशेचं अठराशेला घेतलं आणि इथल्या द्वारका चौकात उभं राहून भाजीची पिकअप घेऊन परतणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात दिलं. संध्याकाळी आईचा फोन, "अण्णांचा ऑक्सिजन एकशे चार आहे गं, चांगलाय ना?" माझे हातपाय गार. ऑक्सिजन शंभराच्या वर जातच नाही, ती नाडी वाचत होती. म्हणजे खालचा आकडा किती? "थांब, चष्मा आणते." चष्मा येईपर्यंतचा तो वेळ मी अजून विसरलेले नाही. व्हिडिओ लाव म्हटलं तर मला फक्त छताचा पंखा दिसत होता, आणि त्यामागून आईचा आवाज, "दिसलं का?" शेवटी कळलं, ९५.

तेव्हापासून वही घातली. दोन रकाने, ऑक्सिजन आणि नाडी. सकाळ-संध्याकाळ अण्णांनी ओट्यापासून मागच्या दारापर्यंत सहा मिनिटं चालायचं, आईने घड्याळ बघायचं, आधीचा आणि नंतरचा आकडा मला सांगायचा. तीनपेक्षा जास्त उतरला किंवा ९३च्या खाली गेला तर कोणाला विचारत बसायचं नाही, गाडी काढायची. एकदा ९३ वर येऊन थांबला. ती रात्र मी फोन उशाला नाही, हातात घेऊन काढली.

दादा पुण्याहून पास काढून गेला. त्याला कारण दाखवता आलं, तो नऊ दिवस ओसरीवर मास्क लावून झोपला. चांगलंच केलं त्याने. पण दिवाळीत सगळ्यांच्या देखत, फराळाचं ताट हातात असताना, "तू तर सत्तर किलोमीटरवर होतीस" हे मात्र बरं नव्हतं. दादा पोचला त्या दिवसापासून आई एकाऐवजी दोन माणसांचं करत होती, हे कोण बोलणार? रोज दोनदा आकडे मीच टिपत होते, डॉक्टरांना फोन मीच करत होते. नियम पाळला म्हणजे माया पातळ झाली असं नसतं. आणि उंबऱ्यात जाऊन उभं राहिलं म्हणजे सेवा झाली असंही नसतं.

तर तुमचा प्रश्न. रोज फोन करून "कसे आहात" विचारू नका. "ठीक" याशिवाय दुसरं उत्तर येत नाही, आईबापांना तेवढंच येतं. त्यांच्याबरोबर एखादं काम काढा. मे महिन्यात १२ ते २३ नाशिक जिल्हा कडकडीत बंद होता, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, सगळं आईच्या फोनवरून. "पातेल्याला सोडून येतोय का? नाही? मग ढवळ अजून." अण्णा मागून ओरडायचे, "हिंग टाकायला सांग." त्या दहा दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतरच्या सोळा वर्षांत बोललो नव्हतो. व्हिडिओ कॉलने जवळ असल्यासारखं वाटतं म्हणणाऱ्यांना मात्र माझा छताच्या पंख्याचा अनुभव नसावा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. घरी आजारी माणूस असेल तर माझं उदाहरण घेऊ नका, जा. आणि तुमच्या आई-बाबांचा दुसरा डोस एप्रिल २०२१च्या सुरुवातीला झाला असेल तर तिसऱ्यासाठी लागणारे ३९ आठवडे भरलेत. साठीच्या वरच्या, बीपी-शुगर वगैरे असलेल्यांना या जानेवारीपासून (२०२२) तिसरा मिळतोय, डॉक्टरांना विचारून घेऊन टाका.

तिसरी गोष्ट सांगायची नव्हती. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. खोकला १ मेच्या सुमारास गेला. पासचा अर्ज मी तरीही केला नाही. सासूबाईंचं कारण होतं, पण ते निम्मं. त्या २२ जणांच्या बातमीपासून मला घराबाहेर पाय टाकायचीच भीती बसली होती, आणि जिल्हाबंदी आहे म्हणून बरं वाटत होतं. जूनमध्ये बंदी उठल्यावर गेले. पातळाच्या काठाला डाग निघाला, आईने तसंच नेसलं.

हे दादाला मी कधी सांगितलेलं नाही. तो इथे वाचतो, मला माहीत आहे. वही माझ्याकडे आहे दादा, दोन्ही रकाने. पाहिजे असेल तर फोटो पाठवते.