पाटीवरचे अक्षर, कॅनव्हासवरचे अक्षर

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून चित्रे काढतो. दुकानांच्या जुन्या पाट्या, आंब्याच्या पेट्यांवरचे मार्के आणि होड्यांवरची नावे यांवर आधारित एक चित्रमालिका सध्या करीत आहे. एका जाणकारांच्या मते हे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचे काम आहे, चित्रकाराचे नव्हे. गंभीर चित्रकारांनी असे काम केले आहे का? मी ते पुढे कसे न्यावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर : केले आहे, आणि त्यांतल्या एकाची हकिगत आपल्याला जवळची वाटेल, कारण तीही बंदरावरचीच आहे. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट इंडियाना (१९२८–२०१८) हे १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, कोएन्टीज स्लिप नावाच्या जुन्या धक्क्यापाशी राहायला गेले. शिडाच्या जहाजांचा काळ तेव्हा केव्हाच सरला होता आणि तिथली कित्येक गोदामे ओस पडली होती. अशा जागांत त्यांना एकोणिसाव्या शतकातले पितळी छाप सापडले. पत्र्यात अक्षरे कोरून, वरून रंग फिरवून नावे उमटवण्याचे ते छाप होते. जुन्या इमारतींतून निघालेल्या लाकडी तुळयांवर त्यांनी त्यांच्याच साहाय्याने छोटे शब्द आणि आकडे उमटवले आणि पुढे तीच शिस्त कॅनव्हासवर नेली. त्यांचे वडील फिलिप्स ६६ या पेट्रोल कंपनीत नोकरीला होते. त्या कंपनीची पाटी आणि रस्त्याकडेच्या खाणावळींवरचा ‘ईट’ हा शब्द त्यांच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा येतो. ‘लव्ह’ या शब्दाची चार अक्षरे दोन ओळींत रचून त्यातला ‘ओ’ कललेला ठेवणारे त्यांचे चित्र १९६५ च्या नाताळासाठी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने भेटकार्डावर छापले आणि १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आले. आपल्याकडे भूपेन खख्खर यांनी १९७२ मध्ये ‘जनता वॉच रिपेअरिंग’ हे चित्र केले, ज्यात घड्याळदुरुस्तीचे साधे दुकान हाच विषय आहे. अतुल डोडिया यांनी तर दुकानाचे लोखंडी शटरच चित्राची भूमी म्हणून वापरले.

म्हणून ‘पेंटरचे काम’ या शब्दांनी आपण नाउमेद होऊ नये. मात्र पाटीकडून काय उचलायचे, हा प्रश्न खरा आहे आणि त्याविषयी माझे मत ठाम आहे. पुष्कळ चित्रकार पाटीचा जुनाटपणा उचलतात : गंजाचे ओघळ, उडालेला रंग, पावसाने पुसट झालेला कोपरा. हे सारे दिसायला मोहक असते, पण ते खाऱ्या हवेने केलेले काम आहे, पेंटरने केलेले नव्हे. पेंटरने अक्षर घडवले, आणि आपणही अक्षराची घडण उचलावी.

पेटीवरच्या मार्क्याचेच उदाहरण घ्या. छापासाठी पत्र्यातून ‘आंबा’ हा शब्द कापायचा झाला, तर ‘ब’च्या पोटातला तुकडा सुटून पडतो, तो धरून ठेवण्यासाठी मध्ये पत्र्याच्या बारीक पट्ट्या राखाव्या लागतात. अखंड शिरोरेषा कापली तर पत्रा तिथे दुबळा होतो, म्हणून तीही जागोजाग तोडावी लागते. लाकडावर उमटलेल्या अक्षरात ज्या फटी दिसतात, त्या अशा गरजेतून आलेल्या आहेत. त्या कुठे ठेवायच्या, हे ज्याने ठरवले त्याला देवनागरी अक्षराचा सांगाडा उत्तम कळत होता. हाताने रंगवलेल्या पाटीचेही तसेच आहे. खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते आणि तिच्यावर शिरोरेषा बसते, परंतु कस लागतो तो त्यानंतर. ‘किराणा स्टोअर्स’ लिहिताना वेलांटी, मात्रा आणि रफार वर चढतात. वरच्या ओळीत उकार असेल तर तो खाली लोंबतो. तेव्हा खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीतल्या नेमक्या मोकळ्या जागेत सरकवावी लागते. इंडियाना यांना रोमन अक्षरे चौकोनात गच्च बसवता आली, कारण त्या मोठ्या अक्षरांना वर-खाली काही चिकटलेले नसते. आपली लिपी तशी बसणार नाही, आणि जिथे ती बसत नाही तिथूनच आपले स्वतःचे चित्र सुरू होईल, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक विनंती. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरने स्वतःचे नाव घातलेले असेल, तर ते टिपून ठेवा आणि प्रदर्शनात त्याचा उल्लेख करा. हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी भारतभरच्या रस्त्यांवरच्या पेंटरांची अक्षरे संगणकावर आणली, तेव्हा त्या अक्षरसंचांना त्या त्या पेंटरचेच नाव दिले. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

प्रश्न : शब्द न वापरता केवळ चिन्हांवर चित्रे करायची असतील, तर जवळपास अभ्यासण्याजोगे काय आहे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. तिच्या दशावतारी संचात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांची प्रत्येकी १२, त्यांपैकी दोन राजा आणि प्रधान, उरलेली १० अंकांची. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे असतात, परशुरामाच्या सत्तीवर सात परशू. एकच चिन्ह वर्तुळात तीनदा, सातदा, दहादा कसे रचले आहे, ते हाताने उतरवून पाहावे. दहाच्या पानात गर्दी न होता प्रत्येक चिन्ह सुटे वाचता येते, आणि ही अक्कल कोणत्याही उत्तम पाटीतही असते.

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या दुकानाची आजोबांच्या काळातली पत्र्याची पाटी गंजत आहे. ती पुन्हा रंगवून घ्यावी का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : कृपया रंगवू नका. नवा रंग चढला की मूळ हाताचे फटकारे कायमचे झाकले जातील. पावसाळ्यापूर्वी पाटी उतरवून घरात कोरड्या जागी ठेवा, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि तारेचा ब्रश मुळीच लावू नका. समोरून, सपाट उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. रंग सुटत नसेल, तर अक्षरे ट्रेसिंग पेपरवर पूर्ण आकारात उतरवून घ्या. दुकान पुन्हा उघडायचे ठरले, तर त्या कागदावरून दुसऱ्या पत्र्यावर नवी पाटी करता येईल.