ताटं उचलण्याआधी

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर चहा पिताना तू म्हणालास, "काका, घरात सगळ्यांनी मिळून पवित्र शास्त्र वाचायचं तिसऱ्यांदा सुरू केलं आणि तिसऱ्यांदा बंद पडलं." मी हसलो, ते तुला लागलं असेल. मला माझीच आठवण आली रे. कुठे अडकलात विचारलं, तर म्हणालास, लेवीयात, म्हणजे तिसऱ्याच पुस्तकात. तिथे पुष्कळ घरं अडकतात. उत्पत्तीत गोष्टी असतात, निर्गमात तांबडा समुद्र असतो. मग मंडपाची मापं येतात, होमबली येतात, आणि पाच वर्षांची पोर टेबलाखाली जाऊन बसते. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र वाचायचं म्हणजे ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच. एकट्याने पहाटे उठून हे जमतं, मी दोनदा केलंय. घराला हा हिशेब लावू नकोस.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू कर. अध्याय सोळाच आहेत. रोज एक प्रसंग, दहा-बारा वचनं, बस. पहिल्याच अध्यायात याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करतायत. आपल्या वास्कोतल्या पोरांना हे समजवावं लागत नाही. पावसाळ्यात ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात तेव्हा खारीवाड्यावर काय चाललेलं असतं ते त्यांनी पाहिलेलं असतं. येशूने हाक मारली आणि दोघं भाऊ बापाला सोडून निघाले, इथवर मी एकदा वाचत आलो, तर आमची धाकटी मधेच म्हणाली, "मग म्हाताऱ्याला जाळं ओढू कोण लागणार?" मी डोळे वटारले. वाचन चालू असताना मधे बोलायचं नाही, असा माझा नियम. ती गप्प बसली, पण हिने माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि तेच वचन पुन्हा वाचलं. त्यांच्या बापाबरोबर, जब्दीबरोबर, मचव्यात मजूर होते, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. चाळीशी गाठेपर्यंत मी ते वचन किती वेळा वाचलं असेन, मला ते मजूर कधी दिसलेच नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे मधे बोलायला मुभा आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण तू तीच करशील अशी मला भीती आहे. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस, महिन्याच्या तारखेला एक असे ते छान बसतात. त्या महिन्यात थोरला गणितात नापास झाला होता. सहा तारीख आली आणि सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे पाठवलंय. मी ते वचन त्याच्याकडे बघत वाचलं, सावकाश, एकेक शब्दावर जोर देऊन. त्याने पानातला भात तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी नेमकी जेवणाच्या वेळेला त्याची शिकवणी निघाली, ती दोन वर्षं संपली नाही. बोलायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने बोल, वचनाच्या आडून पोराला मारू नकोस. आणि वाचून झाल्यावर प्रवचन नको. प्रेषितांच्या कृत्यांत खुद्द पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा खिडकीत बसलेला एक तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो जिवंत उठला ही देवाची कृपा, पण तुझ्या फ्लॅटलाही खिडक्या आहेत.

वेळेचं म्हणशील तर घड्याळाच्या नादी लागू नकोस, तुझी शिफ्ट बदलत असते. आमच्याकडे जेवणं झाली की ताटं उचलण्याआधी वाचतो. हात धुऊन आलं तरी बोटांना हुमणाचा, माशाच्या कालवणाचा, वास असतोच. लूकच्या पंधराव्या अध्यायावर, धाकटा मुलगा घरी परततो त्याच पानावर, सोलकढीचा गुलाबी डाग आहे. हिला त्याचं वाईट वाटतं, मला नाही. तू ड्युटीवर असशील तर सूनबाई वाचेल. तुझ्याशिवायही वाचन झालं पाहिजे. तुझ्या थोरल्याला वाचता येतं, त्याला दोन वचनं दे, अडखळला तर अडखळू दे. एखादा दिवस चुकला तर चुकला. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, आकाशातली भाकर, रोज पडायचा आणि घरटी माणसं मोजून तेवढाच गोळा करायचा. साठवून ठेवला त्याला किडे पडले. शब्बाथासाठी, विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट, तेवढीच सवलत. तेव्हा आठवड्याची थकबाकी शनिवारी एका दमात फेडायला बसू नकोस. पोदेर कालचा पाव घेऊन दारात येत नाही.

सूनबाईचं माहेर गोव्यातल्याच साष्टीतलं, कॅथलिक, आणि आपण प्रोटेस्टंट, म्हणून तू जरा बिचकतोस, हे मला कळतं. उलट तिच्या माहेराकडून शिक. तिथे तेर्सच्या, म्हणजे घरातल्या रोझरीच्या प्रार्थनेच्या, वेळेला पाहुणा आला तर तेर्स थांबत नाही, पाहुणाच मागे गुडघे टेकतो. आपल्यात मात्र कोणी आलं की पुस्तक आधी मिटतं. तिच्या बायबलात पुस्तकं ७३, आपल्यात ६६, पण चारही शुभवर्तमानं दोन्हीकडे तीच. तिला कोंकणीत, रोमी लिपीत वाचू दे, तू मराठीत वाच. या मातीला त्याचं नवल नाही: साष्टीतल्याच राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं, मराठी ओव्या आणि लिपी रोमन. लिहिणारा जन्माने इंग्रज. आपल्या घरातला गोंधळ त्यापुढे काहीच नाही. मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना 'तारू' म्हणजे काय ते कळणार नाही. तिथे थांबून होडी म्हण आणि पुढे जा.

मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ आहे. तिथे पोहोचलात की पोरीला विचार, येशू कशावर डोकं ठेवून झोपला होता. मार्कने ते लिहून ठेवलंय.

माझ्याकडे मोठ्या अक्षरांची एक जास्तीची प्रत आहे. दोघांना शेजारी बसून वाचायला बरी पडते. रविवारी येशील तेव्हा पिशवी घेऊन ये, ती जड आहे.

तुझा,
काका