थीम अपडेट केली की बदल जातात आणि मराठी-कन्नड हेडिंगं कापली जातात, त्यावर

ताई, वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, अपडेट केली की तुम्ही केलेले बदल पुसले जातात आणि मोबाइलवर हेडिंगं वरून-खालून कापली जातात, असं म्हणताय. पहिल्याचं उत्तर लहान आहे. बदल थेट थीमच्या स्टाइल फाइलमध्ये केले असणार, अपडेटला ती अख्खी फाइलच नवी येते, मग तुमचं काय राहणार? बदल थोडे असतील तर कस्टमायझर या रूप बदलायच्या पानावरच्या अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये (सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारे नियम) टाका, वर्डप्रेसच्या ४.७ व्हर्जनपासून म्हणजे २०१६ पासून ही सोय आहे, ते डेटाबेसमध्ये सेव्ह होतं म्हणून अपडेटनं जात नाही. थीमच बदललात तर मात्र नव्या थीमला ते लागू होत नाही, आधी कॉपी काढून ठेवा. टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या मांडणीच्या फाइललाही हात लावायचा असेल तर चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली तुमची वेगळी थीम, तेच बरं.

आता खरं दुखणं. बऱ्याच थीम इंग्रजी अक्षरं बघून केलेल्या असतात, हेडिंगची लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या मापाच्या किती पट उंची एका ओळीला द्यायची ते, १.१ नाहीतर १.२. तेवढ्यात इंग्रजी बसतं की, आपलं नाही बसत. 'मूर्ती' हा एकच शब्द बघा, खाली ऊकार, वर रफार आणि वेलांटी, हेडिंग दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीतला ऊकार खालच्या वेलांटीत घुसतो. आणि 'अक्का', 'अप्पा' कन्नडमध्ये लिहिताना दुसरा क, दुसरा प पहिल्याच्या खाली जातो, तिथं तर अजून जागा पाहिजे. म्हणून हेडिंगला १.४ ते १.५, मजकुराला १.७ च्या आसपास द्या, आणि पिक्सेल लावू नका, नुसता आकडा ठेवा, म्हणजे फॉन्ट लहानमोठा झाला तरी प्रमाण टिकतं. तरी कापलं जात असेल तर हेडिंगच्या बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर येईल ते झाकायचा नियम असेल, तो काढा.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, नॉर्मल करून सोडा. इंग्रजी कॅपिटलला मोकळं अंतर छान दिसतं, आपली शिरोरेषा मात्र त्यानं जागोजागी तुटते आणि मला ते बघवत नाही. इटॅलिकही नको, फॉन्टात तिरकी अक्षरं नसली की ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो, त्यापेक्षा जाड अक्षर बरं.

सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी आहे का बघा, कारण काही फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श असतो पण पानाची भाषा मराठी असली तरच तो येतो. कन्नड परिच्छेदाला कन्नडचा लँग टॅग, म्हणजे भाषा सांगणारी खूण लावा, मग त्याची लाइन-हाइट, फॉन्ट वेगळा ठेवता येतो. फॉन्टसाठी माझं मत 'अनेक देवनागरी' आणि 'अनेक कन्नड' या दोन फॉन्टांना, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, एकाच कुटुंबातले, त्यामुळे निपाणी-चिकोडीकडच्या दोन्ही भाषांच्या सूचना एका पानावर आल्या तरी एक जाड एक बारीक असं दिसत नाही. वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, मात्र दोनच लोड करा, रेग्युलर आणि बोल्ड, खेड्यात नेट कसं चालतं तुम्हाला माहीतच आहे.

सीएसएसच्या प्रत्येक नियमावर तो कशासाठी आहे हे एका ओळीत मराठीतच लिहून ठेवा, पुढच्या वर्षी साइट दुसरं कुणी बघणार असेल तर त्यालाही कळेल. आधी लाइन-हाइट तेवढी बदला, कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी पानं, साफ करा आणि साध्यातल्या अँड्रॉइडवर उघडून स्क्रीनशॉट टाका, रंगाचं आपण नंतर बघू.