फाटकापर्यंत कॅमेऱ्याची नजर पोचवायची कशी?

घरच्या सुरक्षा कॅमेऱ्यांबद्दलच्या या वेळच्या प्रश्नांत एक तक्रार सारखी दिसते : लांबचा माणूस टिपला जात नाही. खोक्यावर छापलेला मीटरचा आकडा सहसा रात्रीच्या दिव्यांचा असतो. हालचाल ओळखण्याशी त्याचा संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो.

प्रश्न : संगमनेरजवळ आमचं बैठं घर आहे. पडवीत बॅटरीवर चालणारा कॅमेरा लावलाय. फाटक तिथून साठेक फुटांवर. माणूस आत येतो, अंगण ओलांडतो, पायरीवर पाय ठेवतो आणि मग मोबाइल वाजतो. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवून झाली. आता काय करू?

बॅटरीचा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. त्याला उठवतो पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाची ऊब हेरणारा सेन्सर. लेन्सच्या खाली पांढरं, किंचित फुगीर, आतून रेघारेघांचं प्लास्टिक दिसतं ना, त्याच्यामागे तो बसलेला असतो. त्याला चित्र दिसत नाही. त्या रेघांमुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात आणि अंगाची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की तो जागा होतो. म्हणून आडव्या जाणाऱ्या माणसाला तो चटकन पकडतो. सरळ कॅमेऱ्याच्या रोखाने येणारा माणूस पट्टा बदलतच नाही, त्यामुळे तो अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

घरगुती कॅमेऱ्यात या सेन्सरची पोच बहुधा सात ते दहा मीटर असते. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. कितीही ताणलंत तरी फाटक त्याच्या हद्दीबाहेरच राहणार. तेव्हा सेटिंगशी झटापट सोडा आणि कॅमेरा हलवा. बाजूच्या कंपाउंडच्या भिंतीवर, फाटकापासून पाच-सहा मीटरवर, येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवा. उंची सात-आठ फूट पुरे. चोराच्या हाती लागू नये म्हणून काहीजण पार छताला टांगतात आणि मान खाली वाकवतात. मग पट्टे चार पावलांवरच जमिनीत शिरतात.

स्क्रू पक्के करण्याआधी घरातल्या कुणाला तरी वाटेवरून चालायला सांगा. अलर्ट आला की त्यांचा पाय जिथे असेल तिथे खडूने खूण करा. एकदा सरळ, एकदा आडवं. दोन चालींमध्ये थोडं थांबा, कारण बरेच कॅमेरे एका अलर्टनंतर काही सेकंद पुन्हा दखल घेत नाहीत. नवी जागा राउटरपासून लांब पडली तर वायफायचंही बघावं लागेल.

प्रश्न : चंद्रपूरला असतो. डिसेंबरात आमचा कॅमेरा रस्त्याच्या कडेपासून अलर्ट द्यायचा. मे महिन्यात भर दुपारी माणूस दारात उभा राहिला तरी गप्प. बिघडलाय का?

बिघडलेला नाही, उकाड्याने आंधळा झालाय. पीआयआरला माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक लागतो. कातडीचं तापमान तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतं. पहाटेच्या गारठ्यात फरक भरपूर असतो. मे महिन्यात तुमच्याकडे भिंत तापत जाऊन माणसाच्या बरोबरीला येते, तेव्हा तो सेन्सरच्या लेखी जवळजवळ नाहीसा होतो. पुढे ती आणखी तापली की काम थोडं सुधारतं, पण भरवसा नाही. कॅमेऱ्याचा रोख तापणाऱ्या पत्र्याकडे किंवा डांबरी रस्त्याकडे असेल तर सावलीतल्या भिंतीकडे वळवा. विदर्भात कायमचा उपाय म्हणजे लाइटीवर चालणारा, चित्रावरून माणूस ओळखणारा कॅमेरा. तुमच्यासाठी मी बॅटरीचा सुचवणार नाही.

प्रश्न : पुण्यात फ्लॅट. बाहेर काही लावायला सोसायटीची परवानगी नाही. खिडकीच्या काचेआडून कॅमेरा ठेवला तर?

पीआयआर असेल तर नाही चालणार. शरीराची उष्णता ज्या लहरींतून निघते त्या साध्या काचेतून पार होत नाहीत. चित्रावरून ओळखणारा चालेल. फक्त रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करा, नाहीतर काचेवरच्या परावर्तनाने सगळं पांढरं दिसेल. बाहेरचा दिवा मात्र लागलेला हवा.

प्रश्न : दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे आहेत, लेन्स २.८ मिमी. वीस मीटरवरचं फाटक दिसतं, पण अलर्ट कधी येतो, कधी नाही. चार मेगापिक्सेलचे घेतले तर अंतर दुप्पट होईल?

नाही होणार, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० ठिपके, चार मेगापिक्सेलची बहुधा २५६०. म्हणजे अंतरात फायदा जेमतेम एक तृतीयांश. शिवाय बरेच डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) हालचाल तपासताना चित्र आधी लहान करून घेतात, तिथे वाढीव ठिपके वायाच.

लेन्स बदला. २.८ मिमीच्या लेन्समधून वीस मीटरवर साधारण चाळीस मीटर रुंदीचा देखावा मावतो, म्हणजे एका मीटरला पन्नासहून कमी ठिपके. अर्धा मीटर रुंदीचा माणूस चोवीस ठिपक्यांत उरतो. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ ठिपके आणि अनोळखी माणसाची ओळख पटायला २५० लागतात, असं या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय मानक धरतं. तुमच्या कॅमेऱ्यात ओळख पटेल असं चित्र चारेक मीटरपर्यंतच मिळतं. ६ मिमीची लेन्स घेतलीत की प्रत्येक अंतर दुपटीहून थोडं वाढतं. मोबदल्यात देखावा अरुंद होतो आणि कडेचं अंगण निसटतं. म्हणून एक रुंद कॅमेरा दारावर आणि एक ६ मिमीचा खास फाटकावर, हीच जोडी मी सुचवतो. सगळीकडे रुंद लेन्स लावायची बसवणाऱ्यांची सवय पडद्यावर छान दिसते, चोरी झाल्यावर मात्र उपयोगी पडत नाही.

प्रश्न : देवगडला आंब्याची बाग आहे. लांबचं टिपावं म्हणून सेन्सिटिव्हिटी वाढवली, तर रात्रभर शेकडो अलर्ट. मुलगा परदेशातून बघतो, तो वैतागलाय.

वैतागणारच! इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. उजळलेला एक धागा वाऱ्याने हलला की कॅमेऱ्याला तो अख्ख्या माणसाएवढा वाटतो. पावसाळ्यात थेंबांचं तेच. सेन्सिटिव्हिटी मधल्या पायरीवर आणा, हालचालीचा झोन फक्त वाटेपुरता आखा आणि माणूस ओळखण्याची सोय असेल तर चालू करा. माकडांचे अलर्टही त्याने बरेच घटतील. (माकडांचाच बंदोबस्त हवा असेल तर तो वेगळा विषय आहे.)

लांबवर दिसण्यासाठी कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा फाटकाजवळ लावा. उजेड अंतराच्या वर्गाने पातळ होतो : दुप्पट लांब गेलं की चौथाईच उरतो. दिवा माणसाजवळ असलेला बरा, आणि किडेही मग तिकडेच जमतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा घ्या. ९४० चा डोळ्यांना मुळीच दिसत नाही, पण त्याची पोच कमी पडते.

प्रश्न : अंतर वाढवलं तर शेजाऱ्यांचं अंगणही कॅमेऱ्यात येतं. चालेल का?

भांडणाला निमंत्रण. बहुतेक ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क असतो. शेजाऱ्यांच्या भागावर तो काळा पट्टा ओढा आणि एकदा त्यांना मोबाइलवर दाखवून या.