बाळाच्या नावाची घाई करू नकोस

अगं, बाळासाठी चारचौघांपेक्षा वेगळं नाव शोधतेयस ना, मग ऐक. बारसं बाराव्या दिवशी असलं तरी नाव त्याच दिवशी कागदावर चढवायलाच हवं असं नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. एकदा महापालिकेच्या दाखल्यावर चढलं की मात्र बदलताना नाकी नऊ येतात.

वेगळ्या नावाला माझी ना नाही. पण कोथरूडच्या आमच्या बालवाडीत हजेरी घेताना आरव, विहान, कियान, रेयान इतके सारखे ऐकू येतात की एकाला हाक मारली की तिघं ओ देतात. आणि एखादी गोदावरी असली की ती पहिल्याच दिवशी लक्षात राहते! आता जुनंच नाव वेगळं झालंय.

मुलाला त्रास होतो तो उच्चाराचा. हृधानचा 'रिदान' होतो. बोलकं मूल ठणकावून दुरुस्त करतं. लाजरं मूल चुकीच्या हाकेलाच ओ देत राहतं. म्हणून आधी आजीला म्हणायला लाव, गॅलरीतून मोठ्यानं हाक मारून बघ. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तेही सलग म्हणून बघ.

सासूबाईंना नक्षत्राचं अक्षर हवंय? ते पाळण्यातल्या नावाला दे. अंकशास्त्रापायी इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा 'ए' तेवढा घुसवू नकोस, आधारपासून पासपोर्टपर्यंत तो सांभाळत बसावं लागतं.