पार्टीच्या नावाने आलेला खोटा मेल आणि पगारातून वसुली

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंटंट आहे, पगार २६,०००. पिग आयर्न पुरवणाऱ्या नेहमीच्या पार्टीकडून मेल आला, "आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यावर करा." सोबत बिल आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो. मी बेनिफिशियरी ॲड केला, मालकांनी त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि शुक्रवारी ६,४०,००० रुपये आरटीजीएस झाले. मंगळवारी पार्टीचा पैशांसाठी फोन आला तेव्हा फसवणूक कळली. मालक दरमहा १५,००० कापणार म्हणतात. दोन कोरे चेक सही करून घेतलेत, आता स्टॅम्पपेपरवर लिहून मागतात, नाहीतर केस करू म्हणतात. बोभाटा नको म्हणून तक्रार केलेली नाही. घाबरून मी तो मेल डिलीट केला, आधी घेतलेला स्क्रीनशॉट तेवढा सोबत पाठवतेय. त्यात काल माझ्या स्वतःच्या जीमेलवर पोलिसांच्या नावाने पत्र आलंय : चोवीस तासांत उत्तर द्या, नाहीतर अटक.

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो डिलीट केलेला मेल परत काढा. कंपनीचा मेल जीमेलवर आहे, म्हणजे तो ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. शिवाय पुढे केस उभी राहिली आणि मेल नसला, तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप उलट तुमच्यावर येईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदही येते.

मेल परत आणल्यावर कॉम्प्युटरवर उघडा, तीन टिंबांवर दाबा, 'शो ओरिजिनल' निवडा आणि मूळ फाइल डाउनलोड करून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट किंवा फॉरवर्ड केलेली प्रत पुरत नाही. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, उत्तर कुठल्या पत्त्यावर जाणार होतं, ही माहिती मूळ फाइलच्या हेडरमध्येच असते. कोर्टात ती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं हे वकील सांगतील.

तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. पार्टीच्या पत्त्यात जिथे इंग्रजी 'एम' हवा, तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी आहेत. पडद्यावर ती दोन अक्षरं चिकटून हुबेहूब 'एम' दिसतात. मी स्वतः दुसऱ्यांदा पाहिल्यावर ओळखलं. पण खाली जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा आहे, बिल नंबर आणि रक्कमही बरोबर आहे. याचा अर्थ चोर तुमचा किंवा पार्टीचा मेल बरेच दिवस वाचत होता. कंपनीच्या मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. अनोळखी पत्ता दिसला तर आधी त्याचा फोटो घ्या, मग तो काढा आणि पासवर्ड बदला. मेल कुणाकडून फुटला यावर पुढचं बरंच काही ठरणार आहे.

तक्रार आजच करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद, आणि ज्या बँकेतून पैसे गेले तिथे लेखी अर्ज. युटीआर नंबर, म्हणजे आरटीजीएस व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा. सहा दिवस गेले आहेत, त्यामुळे सगळी रक्कम मिळेल असं मी म्हणणार नाही. पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत जातात आणि मधल्या एखाद्या खात्यात काही रक्कम गोठवता येते. तशी गोठली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून ती परत मागता येते. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी ही कलमं आणि न्याय संहितेचं ३१८(४) इथे लागतं. पैसे कंपनीचे, म्हणून तक्रार मालकांनीच करायला हवी. ते नाही म्हणाले तर घडलेली हकिकत तुम्ही स्वतः लेखी द्या. गप्प राहण्याचं नुकसान त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. नुकसानीपोटी पगार कापता येतो, पण नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच, आणि त्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा १३,००० आहे. म्हणजे मालकांचा १५,००० चा आकडा पहिल्याच पायरीवर बेकायदेशीर आहे.

हलगर्जीपणा होता का? तुमची कमजोर बाजू तुम्हाला माहीत असलेली बरी. खातं बदलल्याचा मेल आल्यावर तुम्ही पार्टीला जुन्या नंबरवर फोन केला नाहीत. आरटीजीएस आणि एनईएफटी करण्यापूर्वी खातेदाराचं नाव तपासण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी द्यायची होती, तीही तुम्ही वापरली नाहीत. मालक हेच धरून बसतील. पण ओटीपी कुणी दिला? रक्कम आणि नाव त्या मेसेजमध्ये आलं असेल तर ते त्यांनीही वाचलं असणार. खातं बदललं तर काय करायचं याचा कंपनीत कधी लेखी नियम होता का? नसेल तर सगळी जबाबदारी २६,००० पगाराच्या माणसावर टाकणं अन्याय आहे, आणि हे मी ठामपणे म्हणते. 'केस करू' म्हणतात त्याबद्दल : विश्वासघाताच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. फसलेल्या माणसाला तो चिकटवता येत नाही.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. "माझी चूक झाली, पैसे भरून देईन" हे एकदा लिहून दिलं की ते दबावाखाली दिलं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. कोऱ्या चेकची मला जास्त काळजी वाटते. सही करून दिलेला चेक देण्यापोटीच दिला, असं कायदा गृहीत धरतो, आणि तो न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते. स्टॉप पेमेंट केलं तरी तो धोका टळत नाही. म्हणून आजच स्वतःच्या मेलवरून मालकांना एवढंच लिहा :

"तारीख अमुक रोजी माझ्याकडून अमुक नंबरचे दोन कोरे चेक दबाव टाकून घेण्यात आले. माझं कंपनीला कोणतंही देणं नाही. चेक वापरू नयेत आणि परत करावेत. फसवणुकीच्या तपासात मी पूर्ण सहकार्य करीन."

राग, आरोप, रडगाणं काही घालू नका. हाच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

बँकेकडून भरपाईची आशा मी दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१७ पासूनचे संरक्षणाचे नियम परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहेत, आणि हा व्यवहार तुम्ही स्वतः केलात. पार्टीचं बिल मात्र सहसा उभंच राहतं, म्हणजे ते पैसे कंपनीला द्यावेच लागतात. मेल त्यांच्याकडून फुटल्याचं निघालं तर मालकांना त्यांच्याशी बोलणी करता येतील. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरपुढेही जाता येतं. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात.

राहिलं ते पोलिसांच्या नावाचं पत्र. ते खोटं आहे. अशोकस्तंभ, लाल शिक्का, इंग्रजीत चार-पाच कलमं, आणि पत्ता मात्र साध्या फुकटच्या मेलचा. सरकारी पत्ता गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असा संपतो. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲप किंवा मेलवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. उत्तर देऊ नका, जोडलेली फाइल उघडू नका. हाही मेल डिलीट न करता त्याची मूळ फाइल काढा आणि १९३० च्या तक्रारीला जोडा. येत्या काही दिवसांत "तुमचे ६,४०,००० मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर तोही याच माळेतला समजा.

चेकचे नंबर तुमच्याकडे नसतील तर चेकबुकचं रेकॉर्ड स्लिप बघा. ते दोन नंबर, मेलची मूळ फाइल आणि तक्रारीचा क्रमांक एवढं घेऊन कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.